नम्र राहायचं म्हणजे गप्प बसायचं का?

मूळच्या नगरकडच्या आणि आता मेलबर्नमध्ये राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. मराठी उपासना असते तेव्हा स्वयंपाक आणि भांडी हमखास त्यांच्या वाट्याला येतात. प्रवचन चालू असतं तेव्हा त्या सिंकपाशी उभ्या असतात. एकदा आभार मानताना त्यांचं नाव राहून गेलं. त्यांना वाईट वाटलं, तर त्यांचे यजमान म्हणाले, "ख्रिस्ती माणसाने नम्र असावं." ऑफिसात स्वतःच्या कामाचं मूल्यमापन लिहायचं आलं की त्यांचा हात अडतो. त्या विचारतात, "मला वाईट वाटलं, हा माझा गर्व आहे का?"

नाही, ताई. तुम्हाला वाईट वाटलं यात काहीच गैर नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा काढा. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, हे आपल्याला पाठ असतं. त्याच्या आधीचं वाक्य मात्र सहसा कुणी वाचून दाखवत नाही. आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार आहोत हे ओळखून तो भोजनावरून उठला. आपण कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून खाली वाकताना त्याचं काही कमी होत नव्हतं. आणि त्याच रात्री प्रमुख याजकाच्या माणसाने त्याला चपराक मारली तेव्हा तो गप्प बसला नाही. मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने तोंडावर विचारलं.

आपल्या पंडिता रमाबाईंनाही गर्विष्ठ म्हणवून घेणं चुकलं नाही. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेजला लेक मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परका देश, आसरा देणारी माणसंही परकी, आणि त्यांतल्याच सिस्टर जेराल्डिन त्यांच्यावर अहंकाराचा ठपका ठेवत होत्या. रमाबाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं की विचार करायला मला माझी बुद्धी आहे, माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही. याच बाईंनी पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना आईसारखं सांभाळलं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पण बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. 1922 साली मृत्यूच्या अगदी आधीपर्यंत त्या त्याच कामात होत्या. मला नम्रता दिसते ती इथे, त्या साध्या मराठीत.

तेव्हा ऑफिसचा कागद खुशाल भरा. जे केलंत ते तेवढंच लिहा, ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं घाला. खरं सांगणं म्हणजे बढाई नव्हे.

खरी कसोटी घरात लागते. मुलगा चारचौघांत आपला इंग्रजी उच्चार सुधारतो तेव्हा चेहरा उतरतो, आणि मग त्याच्या मराठीवर राग निघतो. त्याऐवजी "बरं झालं सांगितलंस" म्हणून तो शब्द पुन्हा म्हणून बघा. त्यालाही आपल्याकडून मराठी शब्द विचारायची लाज उरणार नाही. इथे आपण आपलं संडास-बाथरूम स्वतः धुतो, पण सुट्टीत गावी गेलो की कामाच्या मावशींना चहा वेगळ्या कपात देतो. मला हे फार लागतं. प्रभुभोजनाला एका प्याल्याच्या गोष्टी करणाऱ्यांच्या घरात तरी हे चालू नये.

आणखी एक. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणाला होता, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. परदेशात आपलंही तेच होतं. आजारपणात शेजारीण सूप घेऊन दारात येते आणि आपण "नको, नको, आम्ही ठीक आहोत" म्हणतो. उपकार नकोत, यातही ताठा असतो. घ्या ते सूप.

भांड्यांचं म्हणाल तर या रविवारी पाळकसाहेबांना सांगा, "मला प्रवचन ऐकायचंय, पाळी लावू या." तक्रारीचा सूर नको, पण मागणी स्पष्ट असू द्या. पाळीत पुरुषांचीही नावं घाला, आणि पहिलं नाव यजमानांनी स्वतः होऊन द्यावं. नम्रतेचा विषय त्यांनीच काढला आहे.