मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड स्वतः जोडायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : माझं राजारामपुरीत डीटीपीचं छोटं दुकान आहे, दिवसाला सात-आठ तास मराठी टायपिंग, सगळं इनस्क्रिप्ट या मराठी अक्षरमांडणीवर. मी टायपिंग जुन्या मशिनवर शिकले, तो बोटाला लागणारा ठोका आताच्या चपट्या कीबोर्डवर मिळतच नाही. भाच्यानं स्वतः जोडलेला मेकॅनिकल कीबोर्ड आणला होता, त्यावर दहा मिनिटं बसले तर उठवेना! आठ हजारापर्यंत घालू शकते. बटणांखालचे स्विच कुठले घेऊ, आणि मराठी अक्षरांच्या कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, नसल्या तर अडेल का?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून लई बरं वाटलं, कारण ज्यांचं पोट टायपिंगवर आहे तीच माणसं या छंदाकडं फारशी वळत नाहीत आणि खरा उपयोग तर त्यांनाच आहे.

अक्षरांचं आधी सांगतो. कीबोर्ड मराठी किंवा इंग्लिश असा नसतोच, कुठलं बटण दाबलं एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो, त्याचा क करायचा की के हे विंडोज ठरवतं. तुमचं इनस्क्रिप्ट जसंच्या तसं चालणार. आणि तुमच्या बोटांना तर सगळं पाठ आहे, एफ आणि जे वर जो उंचवटा असतो तिथं तुमची ऱ्हस्व वेलांटी आणि र, बाकीचं हात आपोआप शोधतात. त्यामुळं कीकॅप घेताना अक्षरांपेक्षा प्लास्टिक बघा, पीबीटी घ्या, एबीएस रोजच्या वापरानं लवकर चकचकीत आणि गुळगुळीत होतं.

साईज मात्र जपून. हौशी लोकांत 40 टक्के म्हणून अगदी छोटे कीबोर्ड आवडीनं जोडतात, दिसायला गोड असतात पण त्यात आकड्यांची ओळच नसते आणि आपले ज्ञ, त्र, क्ष, श्र शिफ्ट धरून त्याच ओळीवर आहेत, शिवाय च, ट, ड, य हे उजवीकडच्या विरामचिन्हांच्या बटणांवर, त्यातली बटणंही तिथं कमी केलेली असतात. इनस्क्रिप्टवाल्यानं तिकडं जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला एफ-वन, एफ-टू ची ओळपण लागणार, म्हणजे 75 टक्के नाहीतर 87 बटणांचा टीकेएल, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा वेगळा ठोकळा नसलेला.

आता स्विच. तीन जाती, लिनिअर सरळ खाली जातो, टॅक्टाइलला मध्ये एक टप्पा लागतो, क्लिकीला टप्पा आणि वर टिकटिक. टाईपरायटरची सवय म्हटल्यावर सगळे क्लिकी सुचवतील पण दुकानात गिऱ्हाईक समोर बसून मजकूर सांगतंय आणि आपलं टकटक टकटक, आठ तास, नको. टॅक्टाइल घ्या. आणि एक लक्षात ठेवा, चेरी एमएक्स पद्धतीचा साधा स्विच 4 मिलिमीटर खाली जातो पण अक्षर साधारण 2 मिलिमीटरवरच उमटतं, मशिनवर शिकलेला हात मात्र तळापर्यंत हाणतो, म्हणून फार हलकी स्प्रिंग घेऊ नका, तो टप्पा बोटाला नीट जाणवला की महिनाभरात हात आपोआप हलका पडतो आणि संध्याकाळी मनगट दुखायचं कमी येतं, माझा स्वतःचा अनुभव आहे.

पण हे सगळं वाचून स्विच पक्का करू नका! आधी हॉट-स्वॅप बोर्ड घ्या, म्हणजे सोल्डरिंग नाही, स्विच नुसता दाबून बसतो आणि ओढून निघतो, नाही आवडला तर बदला. दोन-तीन प्रकारचे पाच-पाच स्विच मागवा, अ, क, र, त या रोजच्या बटणांवर बसवून दोन दिवस खरं काम करा आणि मगच पूर्ण सेट. बसवताना पिना सरळ आहेत का बघा, माझ्या पहिल्या बोर्डात दोन पिना आत दुमडल्या आणि मी बोर्डच खराब समजून आठवडाभर हळहळत बसलो, चिमट्यानं सरळ केल्यावर चालू झालं.

आणि पैसे कुठं घालायचे ते सांगू का, स्टॅबिलायझरवर. स्पेस, एंटर, बॅकस्पेस, शिफ्ट या लांब बटणांखाली तारेची जोडी असते ती, ती खडखडत असेल तर वीस हजाराचा कीबोर्डपण डब्यात खिळे हलवल्यासारखा वाजतो. तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. शिलाई मशिनचं तेल नको, ते पातळ, ओघळून जातं. स्विचना वेगळं ग्रीस, क्रायटॉक्स 205जी0, ब्रशनं अगदी पातळ, पण टॅक्टाइलच्या आतल्या दांडीच्या पायांना लावायचं नाही, नाहीतर ज्यासाठी पैसे दिले तो टप्पाच जातो. ऐंशीएक स्विच म्हणजे दोन संध्याकाळी जातात, भाच्याला बसवा सोबत.

अजून एक, व्हाया नावाचं बटणांची कामं बदलायचं सॉफ्टवेअर चालणारा बोर्ड बघून घ्या. त्यात कुठल्याही बटणाला वेगळं काम देता येतं, विंडोज आणि स्पेस मिळून भाषा बदलते ना, ते दोन्ही एकाच बटणावर ठेवा. मराठी-इंग्लिश मिसळलेली पत्रिका, जाहिराती करताना याचं सुख वेगळंच आहे.

प्रश्न : पहिलाच कीबोर्ड आहे, परदेशी ग्रुप बायमध्ये, म्हणजे सगळ्यांचे पैसे आधी गोळा करून मग माल बनवतात त्यात, पैसे भरू का? (शाहूपुरी)

उत्तर : नको. पैसे आधी जातात आणि वस्तू कित्येक महिन्यांनी, कधी वर्षानं येते, वर कस्टम आणि कुरिअरचा खर्च वेगळा. अलीएक्सप्रेस तर 2020 च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडं बंदच आहे. भारतातल्या दुकानात जे स्टॉकमध्ये आहे तेच घ्या.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे, काकांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. स्विचची प्लेट, म्हणजे स्विच ज्याच्या भोकांत बसतात तो पत्रा, तिथंच पितळेत कापून घेतली तर जमेल का?

उत्तर : जमेल की! कोल्हापुरात राहून हे करायचं नाही तर कुठं करायचं. चेरी पद्धतीच्या स्विचला 14 बाय 14 मिलिमीटरचं चौकोनी भोक लागतं, दोन बटणांच्या मध्यात 19.05 मिलिमीटर अंतर आणि प्लेटची जाडी 1.5. जाडीत हौस करू नकोस, स्विचचे खटके त्याच जाडीला धरतात, 2 ची प्लेट घेतली तर नीट बसणार नाहीत.

थेट पूर्ण प्लेट कापायला मात्र देऊ नकोस. लेझर स्वतःच थोडा धातू खातो, म्हणून आधी त्याच पत्र्याच्या तुकड्यात 13.9, 14 आणि 14.1 अशी तीन भोकं पाडून घे, ज्यात स्विच टक्कन बसतो आणि उलटं धरून हलवला तरी पडत नाही ते माप खरं. मग पूर्ण ड्रॉइंग कागदावर एकास एक मापात छापून तुझ्या पीसीबीवर, म्हणजे कीबोर्डच्या सर्किट बोर्डवर, ठेवून बघ, स्टॅबिलायझरची भोकं इथंच चुकतात, खास करून स्पेसबारची, कारण तो सव्वासहा युनिटचा असतो आणि काहींत सातचा (एक युनिट म्हणजे एका साध्या बटणाची रुंदी). पितळ जड, आवाज जरा कडक येतो, मऊ आवाज हवा असेल तर पॉलिकार्बोनेट. कापून आल्यावर प्रत्येक भोकाच्या कडा बारीक कानसीनं मारून घे, नाहीतर स्विचचं प्लास्टिक खरवडतं.