ओडिशाच्या भाडेकरूला मराठी येत नाही. त्याला बँकेतून कर्ज मिळवून द्यायला मी काय मदत करू?

तुमच्या खोलीत राहणारा मुलगा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) साचे करायला आहे, त्याला एक लाखाचं कर्ज हवंय आणि बँकेत त्याचं कुणी नीट ऐकून घेत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तो हिंदी बोलतो म्हणजे हिंदी वाचतो, असं धरून चालू नका. ओडिया लिपी वेगळी आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कानानं हिंदी शिकलेली पुष्कळ मुलं आहेत. त्यांच्यापुढं मराठी अर्ज ठेवा नाहीतर हिंदी, सारखंच. लाजेपोटी ती ‘हां साब’ म्हणतात.

खरा घोळ सहीपाशी होतो. कागदांवर पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या असतात, ‘इथं कर, इथं कर’ म्हणत गठ्ठा संपतो. त्यातच एक ओळ असते, की सगळा मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आहे. हप्ता थकला की हीच सही त्याच्यापुढं धरली जाते. हे मला नोकरीत असतानाही सहन व्हायचं नाही आणि आजही होत नाही.

म्हणून सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एका जागी दाखवणारा कागद. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जांना (व्यक्तींना ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या कर्जांना) ते सक्तीचं केलंय. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं आणि समजावूनही सांगायचं, असा नियमच आहे. त्यात ‘एपीआर’ असतो, म्हणजे व्याज आणि सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर. एजंट ‘बारा टक्के’ म्हणाला तर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर (फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज), हे विचारा. एक लाख, दोन वर्षं, फ्लॅट बारा टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर २१ टक्क्यांच्या वर जातं. विम्याचा हप्ता कर्जात घातलाय का, तेही तिथंच दिसतं. त्या कागदात नसलेलं शुल्क त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कागद घरी आणा, ओडिया-हिंदी दोन्ही येणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला बोलवा आणि रात्री निवांत वाचून घ्या. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात.

आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि कर्जही तिथं लवकर होतं. पण त्या रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. हा नियम तिथं दाखवून चालणार नाही.

आधारवर ओडिशाचा पत्ता आहे म्हणून खातंच उघडत नसतील, तर आधार ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं) करून इथल्या पत्त्याचं स्वयंघोषणापत्र देता येतं.

दाद लागली नाही तर शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं (ग्राहकांच्या बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

तुम्ही सोबत जाच, पण त्याच्या वतीनं बोलू नका. तुम्ही तोंड उघडलं की साहेब तुमच्याशीच बोलत बसतात आणि तो पोरगा बाजूला पडतो. हप्ता किती, किती महिने आणि एकूण किती फेडायचे, हे तीन प्रश्न त्याच्याकडून घरी पाठ करून घ्या, तिथं त्यालाच विचारू द्या. उत्तरं कागदावर आकड्यांत लिहून घ्या. तुम्हालाच जामीन राहायला सांगितलं तर तो निर्णय वेगळा, त्याच दिवशी सही करू नका.