‘फक्त कापड बदलायचं आहे’ म्हणून विकायला काढलेला जे-३ कब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ओहायोत राहता, ग्रीन कार्ड आहे. १९४६ सालचा एक पायपर जे-३ कब, म्हणजे कापडाने मढवलेलं दोन माणसांचं छोटं विमान, विकायला आहे, पंधरा वर्षं धान्याच्या कोठारात उभा, आणि विकणारा म्हणतो, फक्त कापड बदलायचं आहे. घ्यावा का, काम किती निघेल, कापड कोणतं लावावं आणि घरच्या गॅरेजमध्ये एकट्याने जमेल का?

कापडाचं नंतर बघू. कबच्या सगळ्या कामांत ज्याचा अंदाज नीट बांधता येतो असं काम कापडाचंच. पैसा आणि वर्षं खातात ते सांगाड्याच्या आतल्या नळ्या, स्पार (पंखांतले मुख्य लांब दांडे) आणि कागद. म्हणून माझं मत: एकतर चालू इन्स्पेक्शन असलेला, उडता कब घ्या, नाहीतर कापड उतरवलेला उघडा सांगाडा घ्या. दोन्हींत काय घेतोय ते दिसतं. कोठारातलं झाकलेलं विमान म्हणजे बंद मुठीचा सौदा. तरी जीव अडकलाच असेल, तर पैसे देण्याआधी पुढचं सगळं तपासा.

आधी कागद. एफएए म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं; त्याच्या ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी विभागाकडून त्या एन-नंबरची (विमानाच्या नोंदणी क्रमांकाची) पूर्ण फाईल मागवा, शुल्क किरकोळ असतं. त्यात मालकीची साखळी, कर्जाचा बोजा आणि मोठ्या दुरुस्त्यांचे ३३७ फॉर्म असतात. वार्षिक तपासणीच्या नोंदी मात्र त्यात नसतात, त्या लॉगबुकातच. लॉगबुकं हरवली असतील तर किंमत चांगलीच खाली आली पाहिजे. ३३७ वाचताना ‘स्पार बदलला’, ‘लॉन्जेरॉन (धडाच्या लांबीची मुख्य नळी) जोडला’, ‘पंखाचं टोक दुरुस्त’ असं काही दिसलं तर विमान एकदा तरी गिरकी खाऊन आपटलंय असं समजा. शेपटीवर चाक असलेल्या विमानांत हे नवल नाही, फक्त दुरुस्ती नीट झाली होती का ते बघायचं. ग्रीन कार्डवर नोंदणी तुमच्या नावाने होईल. एच-१बीवर असलेल्या वाचकांसाठी: तुमच्या नावाने होत नाही, ट्रस्ट किंवा कंपनीचा वळसा घ्यावा लागतो.

आता विमानाकडे. बॅटरी, छोटा आरसा, टोच्या आणि प्लास्टिकची हातोडी घेऊन जा, आणि सरळ शेपटीकडे बसा. कब उभा असतो शेपूट जमिनीला टेकवून, त्यामुळे आत शिरलेलं सगळं पाणी मागे उतरतं आणि शेवटच्या दोन-तीन फुटांत खालच्या लॉन्जेरॉनवर, कापडाच्या आतल्या बाजूला साचतं. गंज तिथेच. कापडावर बाहेरून तांबूस डाग किंवा नळीलगत फुगवटा दिसतो. मालकाच्या परवानगीने तिथे हातभर कापड कापून उघडा. त्याचं म्हणणं खरं असेल, कापड बदलायचंच असेल, तर त्याला हरकत असायचं कारण नाही. चांगली नळी हातोडीने टिचकी मारल्यावर टण्ण वाजते, सडलेली बद्द. टोच्या दाबला आणि खळगा पडला तर तो तुकडा कापून नवी नळी वेल्ड करावी लागणार. वेल्डिंग जमण्यासारखं असतं, पण ते प्रमाणित माणसाकडूनच.

पंखांचे स्ट्रट, म्हणजे पंखाला खालून धडाशी जोडणारे तिरके दांडे, हा दुसरा मुद्दा. जुने स्ट्रट खालच्या टोकाला उघडे असतात, टोकाला बसवलेल्या फोर्कच्या (दुबेळक्या जोडाच्या) आट्यांतून पाणी आत जातं आणि स्ट्रट आतून गंजतो. बाहेरून रंग चकचकीत, आत पापुद्रे. म्हणून एफएएचा २०१५-०८-०४ हा आदेश आहे: उघड्या स्ट्रटची दर २४ महिन्यांनी तपासणी, किंवा कायमचे बंद टोकाचे स्ट्रट. नव्या बंद स्ट्रटचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.

स्पार दोन प्रकारचे मिळतात. युद्धानंतरच्या बऱ्याच कबमध्ये ॲल्युमिनियमचे, त्याआधीच्यांत स्प्रूस लाकडाचे. १९४६ सालच्या विमानात दोन्हींपैकी काहीही निघू शकतं, शिवाय मधे पंख बदललेले असू शकतात. लाकडात शोधायची ती आडवी, केसाएवढी चीर. समोरून प्रकाश टाकलात तर ती दिसणारच नाही. बॅटरी लाकडाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश सोडा, चीर सावलीसारखी उमटते. स्ट्रट जिथे जोडला जातो तिथल्या प्लायवूडच्या पट्ट्यांच्या कडांशी आधी बघा. ॲल्युमिनियममध्ये शत्रू उंदीर. रिबांत, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांत, घरटं केलं की मुतामुळे धातू पांढरा भुकटी होतो. कोठारातल्या विमानात घरटं सापडणारच, प्रश्न फक्त किती जुनं एवढाच.

इंजिनाबद्दल थोडक्यात. काँटिनेंटल ए-६५, मिनिटाला २३०० फेऱ्यांना ६५ अश्वशक्ती, ओव्हरहॉलची शिफारस १८०० तासांची. तास कमी आहेत ही पंधरा वर्षं न चालवलेल्या इंजिनाची जमेची बाजू नव्हे; कॅमशाफ्ट आणि सिलिंडर उभ्या उभ्या गंजतात. ते फिरतंय म्हणून खूश होऊ नका, पूर्ण ओव्हरहॉल धरूनच भाव करा. पुढची १२ गॅलनची टाकीही उतरवून तपासा. आतून कधीकाळी सीलंट ओतलेला असेल तर त्याचे पापुद्रे सुटून जाळीत अडकतात.

हे सगळं पटलं आणि विमान घेतलं, तर पहिलं काम इन्स्पेक्शन ऑथरायझेशनवाला मेकॅनिक शोधण्याचं, ज्याला सगळे आयए म्हणतात. काम तुम्ही करू शकता, पण देखरेख मेकॅनिकची आणि ३३७वर सही आयएची. कापड चढवण्याआधी त्याने उघडा सांगाडा बघायला हवा. झाकल्यावर बोलावलंत तर कोणीही शहाणा आयए सही करणार नाही.

जुनं कापड फाडू नका, मोठ्या तुकड्यांत कापून काढा आणि नावं घालून गुंडाळून ठेवा. रिबवरच्या टाक्यांमधलं अंतर, पाणी निघायच्या भोकांच्या जागा, तपासणीच्या झाकणांच्या जागा, सगळा नकाशा त्यावर असतो. मग सांगाडा बारीक दाण्याने, कमी दाबाने ब्लास्ट करून घ्या. वाळूचा मोठा दाब पातळ नळीला मारक. त्याच दिवशी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर मारा. एपॉक्सीच का? कापड चिकटवायच्या गोंदात एमईके (एक जहाल द्रावक) असतो, आणि तो झिंक क्रोमेटसारख्या जुन्या प्रायमरला सोलून काढतो. गोंद धरतो प्रायमरला आणि प्रायमर नळीला सोडतो. महिनाभराची मेहनत एका रात्रीत उचकटते.

कापड पॉलिएस्टरच घ्या. मूळ ग्रेड-ए सुती कापड आणि डोप (कापड ताणून धरणारा जुना लेप) हा प्रकार संग्रहालयासाठी ठीक. पॉली-फायबर किंवा सेकोनाइट, जी पद्धत निवडाल तिचंच कापड, तिचाच गोंद, तिचाच रंग. मंजुरी त्या पूर्ण साखळीला असते, भेळ केली की ती जाते. पॉली-फायबर धरून सांगतो. कापड गोंदाने कडांना चिकटवायचं, पंखाच्या पुढच्या कडेवर दोन इंचांचा आणि इतरत्र किमान एक इंचाचा जोड. मग इस्त्री. आधी २५० अंश फॅरेनहाइटला सगळीकडून, मग ३०० आणि शेवटी ३५०. एकदम ३५० ला गेलात तर एका बाजूचं कापड आधी आक्रसतं आणि शेपटीच्या बारीक नळ्या वाकतात. ३५० च्या आत थांबलात तर उन्हात पुढे ढिलं पडतं. आणि ४०० च्या वर गेलात तर कापडाचा ताण कायमचा जातो. घरगुती इस्त्रीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका, तळाला थर्मामीटर लावून चकतीवर पेनने खुणा करा. हीट गन अजिबात नको.

इस्त्रीनंतर रिबवर मजबुतीची पट्टी आणि त्यावरून टाके, अंतर जुन्या कापडावर होतं तेच, त्याहून जास्त नाही. गाठ आवळताना रिबची वरची पट्टी वाकायला लागली तर तुम्ही गोधडी शिवत नाही आहात हे लक्षात घ्या. त्यावर दातेरी कडांच्या पट्ट्या. मग पॉली-ब्रश, म्हणजे या पद्धतीतला कापडावरचा पहिला लेप; त्याचा पहिला हात ब्रशनेच, म्हणजे तो धाग्यांत मुरतो. फवारला तर नुसता वर बसतो आणि काही वर्षांनी रंग पोपडा होऊन निघतो. नंतर चंदेरी पॉली-स्प्रे, जो ऊन अडवतो. पुरेसा झाला का ते बघायला अंधारात पंखाच्या आत ६० वॅटचा बल्ब धरा. उजेड दिसला तर अजून एक हात. ही पायरी आळसाने चुकली की तेच टिकाऊ कापड उन्हाने कमजोर होतं. जे-३साठी कापडाची ताकद इंचाला ४६ पौंडांखाली गेली की ते बाद, मग सुती असो वा पॉलिएस्टर.

रंग पॉली-टोन, लॉक हेवन यलो. चकाकी कमी, पण पुढे ठिगळ लावायला सोपा, एमईकेने विरघळतो. काचेसारखी चकाकी देणाऱ्या दोन भागांच्या पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि वजनही वाढतं. वजनाचा हिशेब बघा: कमाल १२२० पौंड, रिकामा कब ७६५, भरलेलं पेट्रोल ७२. उरले ३८३ पौंड, दोन माणसांसाठी. रंगाचे जास्तीचे हात, जाड गाद्या, रेडिओची बॅटरी यांत ४० पौंड सहज जातात, आणि मग दोन धट्टीकट्टी माणसं टाकी भरून उडूच शकत नाहीत. काम संपल्यावर विमान प्रत्यक्ष तोलावंच लागतं, तेव्हा हे कळून उपयोग नाही.

जाता जाता: कापडाचं विमान ही काही फक्त अमेरिकेची हौस नव्हे. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या काळात बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने १९५८ साली उडवलेलं ‘पुष्पक’ही कापडाचंच, काँटिनेंटल इंजिनाचं, आणि आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत पुष्कळ जण त्यावर शिकले.

वेळ म्हणाल तर हजार-दीड हजार तास धरा. शनिवार-रविवारच्या हिशेबाने दोन-तीन वर्षं. गॅरेजात बसेल: एक पंख साधारण १६ फुटांचा, दोन्ही पंख भिंतीला उभे राहतात. पण एमईकेची वाफ जमिनीलगत पसरते, त्यामुळे गॅसचा गीझर त्याच गॅरेजात असेल तर गोंद आणि रंगाचं काम दुसरीकडे हलवा.

एकट्याने बहुतेक सगळं जमतं, टाके सोडून. पंख आडव्या कडेवर उभा करायचा, दाभणासारखी लांब सुई तुम्ही एका बाजूने रिबला घासून आत घालायची आणि पलीकडच्याने ती ओढून रिबच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायची. त्या आठवड्यासाठी घरातलं कोणीतरी आधीच पटवून ठेवा.