गाणं चाललं, तर पैसा कुठून आणशील?

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. मित्रांना घेऊन स्वतःची छोटी म्युझिक कंपनी काढायचं तुझ्या मनात आहे, याचा मला फार आनंद झाला. त्या धंद्याचा जुना इतिहास आधी वाचावा असं तुला वाटलं, याचा त्याहून जास्त. फक्त तुझं एक म्हणणं मला अजिबात पटलं नाही. सॅम फिलिप्सने एल्व्हिस प्रेस्लीचा करार ३५,००० डॉलरला आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीला विकला, म्हणजे घरात आलेली लक्ष्मी हाकलून दिली, असं तू लिहिलं आहेस. हा हिशेब नीट मांडून बघू, कारण उद्या तुझ्यावरही तीच वेळ येऊ शकते.

फिलिप्सची सन रेकॉर्ड्स म्हणजे मेम्फिसमध्ये ७०६, युनियन अ‍ॅव्हेन्यूवरचा एक लहानसा स्टुडिओ. पोट भरायला तिथे लग्नं आणि भाषणंसुद्धा रेकॉर्ड करून दिली जायची. एल्व्हिसची पहिली रेकॉर्ड जुलै १९५४मध्ये निघाली, पुढे आणखी चार निघाल्या, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत त्या चांगल्या चालल्या. नेमकी तिथेच अडचण सुरू झाली. रेकॉर्ड छापून देणाऱ्या कारखान्याला पैसे आधी मोजावे लागत. वितरक मात्र माल उधारीवर उचलत, पैसे कित्येक महिन्यांनी देत, आणि न खपलेल्या रेकॉर्डी परत पाठवत. गाण्याला मागणी वाढली की आणखी प्रती छापायला हव्यात, आणि आधीच्या प्रतींचे पैसे तर अजून वितरकाच्या खिशात. बरं, थांबायचीही सोय नाही. रेडिओवर गाणं वाजतंय आणि दुकानात रेकॉर्ड नाही, असं झालं की गिऱ्हाईक दुसरं काहीतरी घेऊन घरी जातं. छोट्या कंपनीला पडेल गाणं परवडतं, चाललेलं गाणं तिचा जीव घेऊ शकतं. हे वाक्य मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे.

त्यात फिलिप्सला भावाचा वाटा विकत घ्यायचा होता, आणि त्याच शरद ऋतूत त्याने मेम्फिसमध्ये डब्ल्यूएचईआर हे महिलांनी चालवलेलं रेडिओ स्टेशनही सुरू केलं होतं. २१ नोव्हेंबर १९५५ला त्याने सही केली. तोपर्यंत दक्षिणेबाहेर फारसं कोणी न ऐकलेल्या मुलासाठी ती रक्कम त्या काळात प्रचंड होती. आरसीएकडे स्वतःचे कारखाने आणि देशभर वितरणाचं जाळं होतं. जानेवारी १९५६मध्ये नॅशव्हिलला रेकॉर्ड केलेलं ‘हार्टब्रेक हॉटेल’ त्या वसंतात देशातल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मेम्फिसहून ते तिथवर नेणं फिलिप्सला जमलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हाती आलेल्या पैशाचं त्याने काय केलं? कार्ल पर्किन्सचं ‘ब्लू स्वेड शूज’ बाजारात आणलं. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. जॉनी कॅश आणि जेरी ली लुईस सनवरच मोठे झाले. हा माणूस बुडाला नाही, तरला.

आता तुझा दुसरा मुद्दा, की मोठ्या कंपन्यांनी छोट्यांची गाणी पळवली. पळवलीच, आणि त्याची मला आजही चीड येते. कायदा त्यांच्या बाजूने होता. १९०९च्या कायद्याप्रमाणे एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं दर प्रतीमागे दोन सेंट भरून कोणीही पुन्हा रेकॉर्ड करू शकत असे. वाद्यमेळाच्या रचनेला तर संरक्षणच नव्हतं. १९५४च्या अखेरीस अटलांटिक या छोट्या कंपनीने लाव्हर्न बेकर या कृष्णवर्णीय गायिकेचं ‘ट्वीडल डी’ बाजारात आणलं होतं. मर्क्युरी या मोठ्या कंपनीने लगेच जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेकडून ते जवळजवळ तसंच्या तसं गाऊन घेतलं, आणि गोऱ्या श्रोत्यांच्या स्टेशनांवर तेच पुढे गेलं. बेकरने अमेरिकी संसदेचे सदस्य चार्ल्स डिग्ज यांच्याकडे दाद मागितली. हाती काही लागलं नाही.

१९५५मध्ये गोऱ्या पॅट बूनने डॉट कंपनीसाठी कृष्णवर्णीय फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ गायलं आणि पहिला क्रमांक गाठला. डॉमिनोची मूळ रेकॉर्ड पॉप यादीत दहाव्या क्रमांकावर अडली. पण डॉमिनो त्या गाण्याचा सहलेखक होता, म्हणून बूनच्या प्रत्येक प्रतीमागे त्याचाही वाटा निघत होता. बेकर फक्त गायिका होती, तिच्या वाट्याला गिब्जच्या रेकॉर्डमधून काहीच आलं नाही. या दोन उदाहरणांवर जरा वेळ घालव. यादीत कोण वर गेलं हे सगळ्यांना दिसतं, गाण्याच्या कागदावर कोणाचं नाव आहे हे कोणी बघत नाही. चक बेरीच्या ‘मेबेलीन’वर सहलेखक म्हणून रेडिओवर गाणी लावणाऱ्या डिस्क जॉकी अ‍ॅलन फ्रीडचं नाव चढलं होतं. ते काढून टाकायला १९८६ उजाडलं!

व्ही-जेची गोष्ट तू वाचली नसशील. व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन या कृष्णवर्णीय जोडप्याने १९५३मध्ये सुरू केलेली ही छोटी रेकॉर्ड कंपनी. बीटल्सच्या ब्रिटिश कंपनीची, ईएमआयची, अमेरिकेतली शाखा कॅपिटल बीटल्सना नाही म्हणत होती, तेव्हा १९६३मध्ये त्यांची रेकॉर्ड अमेरिकेत व्ही-जेने काढली. ४ एप्रिल १९६४च्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. त्यातली दोन व्ही-जेच्या घरची, एक स्वॉन या दुसऱ्या छोट्या कंपनीचं, दोन कॅपिटलची. आणि १९६६मध्ये व्ही-जेचं दिवाळं निघालं. कलाकारांची रॉयल्टी थकलेली, फोर सीझन्स हा त्यांचा गाजलेला गट आधीच सोडून गेलेला, कॅपिटलशी कोर्टबाजी झालेली. यादीच्या शेंड्यावर बसूनही तिजोरी रिकामी राहू शकते, ती अशी.

बेरी गॉर्डीने १९५९मध्ये कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची सुरुवात केली. त्याच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण सगळे बघतात ते स्टुडिओकडे. तू विक्री सांभाळणाऱ्या बार्नी एल्सकडे बघ. जुनी बाकी चुकवल्याशिवाय नवं गाजणारं गाणं मिळणार नाही, हे वितरकाला कळायला हवं असेल, तर मागोमाग पुढचं गाणं तयार लागतं. मोटाउनकडे ते असायचं. मात्र कलाकाराचा मॅनेजर आणि गाण्याचा प्रकाशक दोन्ही तिथे कंपनीच्याच घरातले असत. ते तू करू नकोस.

तुला रेकॉर्डी छापायच्या नाहीत, हे खरं. तरी जाहिरात आणि व्हिडिओचा खर्च आधी होणार आणि पैसे मागाहून येणार. तेव्हा पहिलं गाणं बाहेर काढण्याआधी, ते अपेक्षेच्या दहापट चाललं तर सहा महिने खर्च कुठून भागवशील, ते कागदावर मांड. आणि तुझ्या त्या गायिकेशी करायच्या कराराचा मसुदा मला पाठव. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कोणाच्या मालकीचं आणि तिला हिशेब किती महिन्यांनी मिळणार, ही दोन कलमं मी आधी वाचीन. तोपर्यंत तिची सही घेऊ नकोस.

कळावे, लोभ असावा.