पेंटिंगला येण्याआधी

बी.एफ.ए. (ललितकलेची पदवी) पेंटिंग चार वर्षांचं. बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण सरकारी प्रवेशासाठी सीईटी द्यावीच लागते: वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि कलेच्या सामान्यज्ञानाचा पेपर. यातलं स्मरणचित्र, म्हणजे आठवणीतून काढायचं माणसांचं दृश्य, ऐनवेळी क्लास लावून जमत नाही. आतापासून रोज स्टेशनवर, बाजारात माणसं रेखाट. बसलेली, ओझं उचलणारी, भांडणारी.

पहिलं वर्ष पायाभूत असतं. तुला लगेच कॅनव्हास हवा असेल, पण तिथे रेखांकन, द्विमितीय-त्रिमितीय डिझाइन करावं लागेल. कंटाळा करू नकोस. मातीत डोक्याचा आकार एकदा हाताने घडवला, की हेड स्टडी (समोरच्या माणसाच्या डोक्याचं चित्र) करताना कवटीची वळणं दिसू लागतात.

कलेचा इतिहास बरीच मुलं शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि तिथेच अडकतात. लेखी पेपर सुटल्याशिवाय पदवी नाही, चित्र कितीही सुंदर असो. आधी अजिंठा पाहून ये, मग वाच. नोट्स पाठ करण्यापेक्षा ते कितीतरी जास्त टिकतं, आणि तिथली रेषा समोर उभं राहून पाहणं हा माझ्या मते या अभ्यासातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

सबमिशनला कच्ची रेखाटनंही लागतात, एकही फाडू नकोस. ऑइल पेंटची कामं आधी संपव. सुकायला दिवस जातात.