आकडा बदलला, बिल उघडलं, आता तिथंच थांब

अगं पोरी,

रात्री पावणेदोनला मेसेज टाकला तू, म्हणजे झोप काही लागली नसेल. बिलाच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला आणि भलत्याच माणसाचं बिल उघडलं, नाव, पत्ता, सगळं. आपल्या लाईनीत याला आयडॉर म्हणतात, सर्व्हर तू लॉगिन आहे का एवढंच बघतो, हे बिल तुझंच आहे का ते विचारतच नाही. बग खरा आहे, शाब्बास. पण पुढे लिहिलंस की स्क्रिप्ट लावून दोन-तीन हजार बिलं उतरवते, म्हणजे त्यांना पटेल. नको न बाप्पा!

आयटी ॲक्ट 2000 चं कलम 43 वाचून घे. मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं आणि डेटा कॉपी करणं दोन्ही त्यात येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं तर कलम 66, तीन वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे मग वकिलाला समजावत बसशील. बग दाखवायला दोन अकाउंट पुरतात, एक तुझं, एक आईचं, तिला विचारून, आणि तेही कंपनीच्या डिस्क्लोजर पॉलिसीत, म्हणजे बग शोधून कळवायच्या त्यांच्या नियमांत, बसत असेल तरच. साईटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी फाईल आहे का बघ, त्यात कुठं कळवायचं ते असतं. नसेल किंवा कोणी उत्तरच देत नसेल तर सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळव, हे त्यांचं कामच आहे.

रिपोर्ट मात्र नीट लिही. मी सीताबर्डीत एका खोलीएवढ्या ऑफिसात होतो तेव्हा एका कंपनीला मेल टाकला होता, "तुमची साईट असुरक्षित आहे, अर्जंट!!!" बस एवढंच. उत्तर आलं नाही, मी महिनाभर त्यांना शिव्या घातल्या, मग स्वतःचाच मेल परत वाचला तर मलाच कळेना नेमकं काय सापडलं होतं. कुठली लिंक, काय बदललं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, क्रमानं लिही.

आणि कुठलं टूल शिकू म्हणून विचारलंस. टूल होतात गं शिकून. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड काही सिक्युरिटीवाला म्हणून बसला नव्हता, डेटाबेसचा माणूस, त्याला एसएसएचनं, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायच्या वाटेनं, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. आपण म्हटलं असतं नेट स्लो आहे. तो मागे लागला आणि एक्सझेड नावाच्या लायब्ररीत, म्हणजे फाईल लहान करायच्या तयार कोडमध्ये, मुद्दाम घातलेला बॅकडोअर, आत शिरायचा चोरदरवाजा, निघाला, 5.6.0 आणि 5.6.1 दोन्ही व्हर्जनमध्ये. तू तो आकडा सहज बदलून पाहिलास ना, तीच खोड आहे ही.

रविवारी रिपोर्टचा ड्राफ्ट घेऊन ये, तर्री पोहे माझ्याकडून.

आणि हो, मला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्या माणसाचा मोबाईल नंबर पूर्ण दिसून राहिला होता. मी डिलीट केला. तू पण कर, रिपोर्टला नंबर झाकलेला लाव.