‘कर्नल’च्या स्पेलिंगमध्ये ‘आर’ नाही, मग उच्चारात ‘र’ आला कुठून?

तुमचं म्हणणं असं की स्पेलिंग सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल, सरळ वाचलं तर ‘कोलोनेल’, मग सगळे ‘कर्नल’ का म्हणतात आणि त्यातलं बरोबर कुठलं?

बरोबर ‘कर्नल’च. ‘कोलोनेल’ म्हणू नका, आमच्या साताऱ्यात तर अजिबात नको. इकडे गावोगावी माणसं फौजेत आहेत. अपशिंग्याचं तर नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडलंय. शाळेचं तोंड न बघितलेली आजी “कर्नलसायबांनी रजाच दिली न्हाई” असं बिनचूक म्हणते आणि इंग्रजी माध्यमातला तिचा नातू धड्यात ‘कोलोनेल’ वाचतो. आजीने तो शब्द ऐकलाय, नातवाने नुसता छापलेला बघितलाय.

आता मूळ. इटालियन भाषेत ‘कोलोन्ना’ म्हणजे खांब, आणि त्यावरून सैनिकांची उभी रांग. पेपरातला ‘कॉलम’ याच लॅटिन कुळातला. अशा रांगेचा, तुकडीचा जो म्होरक्या तो ‘कोलोनेल्लो’. हा शब्द फ्रेंचांकडे गेला आणि तिथे त्याचा ‘कोरोनेल’ झाला. एकाच शब्दात दोन ‘ल’ आले की जीभ अडखळते, मग त्यातला एक बदलून टाकते.

ही खोड काही फ्रेंचांचीच नाही. संस्कृत ‘ललाट’चं आपल्याकडे ‘निढळ’ झालं, तेच ते निढळाच्या घामातलं. ‘लांगल’चा ‘नांगर’ झाला. तिथे तर दोन्ही ‘ल’ गेले. आणि जुनं कशाला, पावसाने सोयाबीन झोपलं की “लई लुकसान झालं” असं आजही कानावर येतंच की. ‘नुकसान’मधल्या दोन ‘न’पैकी पहिल्याचा ‘ल’ केला, बस. भाषाशास्त्रात याला विषमीकरण म्हणतात. ‘लुकसान’ला हसणारे ‘कर्नल’ मात्र ऐटीत म्हणतात, तेव्हा मला जरा मजा वाटते.

इंग्रजांनी सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून घेतला तो हा ‘र’वाला ‘कोरोनेल’, आणि लिहायचेही तसाच. पुढे त्याच शतकात इटालियन युद्धशास्त्राच्या पुस्तकांची भाषांतरं होऊ लागली, मूळ शब्दात ‘ल’ आहे हे विद्वानांच्या लक्षात आलं आणि त्यांनी स्पेलिंग ‘सुधारलं’. शिपायांनी काही उच्चार सुधारला नाही. बराच काळ ‘ल’ आणि ‘र’ दोन्ही उच्चार चालत होते. मधला ‘ओ’ गळाला, शेवटी ‘र’वाला टिकला आणि स्पेलिंग मात्र ‘ल’चं राहिलं. फ्रेंचांनी नंतर लिहिण्या-बोलण्यात दोन्हीकडे ‘ल’ परत आणला. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘र’च आहे. घोळ फक्त इंग्रजीत.

‘कॉलनी’शी मात्र या शब्दाचं नातं लावू नका. ‘सैनिक कॉलनी’चे बोर्ड बघून बऱ्याच जणांना तसं वाटतं. कॉलनीचं मूळ लॅटिन ‘कोलोनुस’, म्हणजे जमीन कसणारा, नव्या मुलखात वस्ती करणारा. दोन्ही घराणी वेगळी.

अर्थ थोडक्यात: आपल्या लष्करात लेफ्टनंट कर्नलच्या वर आणि ब्रिगेडियरच्या खाली कर्नल. खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह आणि दोन तारे. एकच तारा असेल तर लेफ्टनंट कर्नल, तीन असतील तर ब्रिगेडियर. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर साधारणपणे कर्नल असतो, म्हणून जवानांच्या तोंडी ‘सीओ साहेब’ जास्त. (‘लेफ्टनंट’ही असाच फसवा. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘जागा सांभाळणारा’. त्यातला ‘फ’ही स्पेलिंगमध्ये सापडणार नाही, आणि अमेरिकन लोक तो म्हणतही नाहीत, ते ‘लूटेनंट’ म्हणतात.)

उच्चार करताना जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा, शेवटचं ‘नल’ हलकं सोडायचं. अमेरिकन माणूस ‘र’ स्पष्ट म्हणतो. इंग्लंडचा ‘र’ गिळून पहिला स्वर लांबवतो, ‘कऽनल’सारखा. आपण मराठीत म्हणतो तो पूर्ण ‘र’ चालतो, लष्करी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या मुलाखतीत त्यावरून कुणी अडवणार नाही. के-ई-आर-एन-ई-एल हा धान्याच्या दाण्याचा, बदामातल्या गराचा ‘कर्नल’ही अगदी असाच उच्चारतात. तेव्हा श्रुतलेखनात संदर्भ ऐकून मगच लिहा. स्पेलिंग विसरत असाल तर लिहिताना मनात ‘कोलो-नेल’ म्हणा. माझे भरतीच्या तयारीतले विद्यार्थी तसंच करतात, फक्त मोठ्याने म्हणत नाहीत.